क्षमता कोणत्या दिवसाची?

मुंबईची मोनोरेल अकरा वर्षे बहुतांशी रिकामी धावली आणि ज्या संध्याकाळी ती खरोखर भरली, त्याच संध्याकाळी ती थांबली. १९ ऑगस्ट २०२५ चा तो दिवस. मुसळधार पावसाने हार्बर मार्गावरील लोकल बंद पडल्या होत्या, रस्ते पाण्याखाली होते आणि चेंबूर-वडाळा पट्ट्यात अडकलेल्या माणसांना डोक्यावरून जाणारी ही एकच गाडी चालू दिसत होती. माणसे तिकडे वळली. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क या स्थानकांदरम्यान गाडीचा वीजपुरवठा तुटला. दिवे गेले, वातानुकूलन गेले आणि बंद काचांच्या आत शेकडो माणसे गुदमरू लागली. अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ जणांना खाली आणले. त्याला तीन तासांहून अधिक वेळ लागला. त्याच संध्याकाळी आचार्य अत्रे नगर स्थानकापाशी दुसरी गाडी अडकली, तिच्यात सुमारे दोनशे प्रवासी होते. महिना होतो न होतो तोच, १५ सप्टेंबरला, वडाळ्याजवळ पुन्हा एक गाडी थांबली. तिच्यात फक्त सतरा प्रवासी होते. २० सप्टेंबरपासून सुधारणेसाठी मोनोरेलची सेवा बंद करण्यात आली.

या घटनेवर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आले. ‘पांढरा हत्ती’ हा शब्द तर मोनोरेलला पहिल्या वर्षापासूनच चिकटला होता. मला त्या शब्दाबद्दल तक्रार आहे. हत्ती पांढरा असला तरी त्याच्या पाठीवर किती माणसे बसू शकतात, हा प्रश्न त्या शब्दाने झाकला जातो. खर्च वाया गेला की नाही, यावर आपण वाद घालत राहतो. क्षमता नावाची जी गोष्ट कागदावर लिहिली गेली होती ती कोणत्या दिवसासाठी होती, हे मात्र कोणी विचारत नाही. या लेखात मला तेवढेच विचारायचे आहे. मी शहापूर तालुक्यात, शेणव्याला राहतो. मोनोरेल आमच्यापासून दूर आहे. पण ठाण्यात, भिवंडीत, कल्याणात ज्या नव्या मार्गिका येत आहेत त्यांच्यावर आमच्या मुलाबाळांचे रोजचे जाणे-येणे ठरणार आहे. म्हणून हा प्रश्न आम्हालाही लागू आहे.

पाच टनांचा हिशेब

१९ ऑगस्टच्या बिघाडाचे अधिकृत स्पष्टीकरण असे होते: गाडीचे एकूण वजन १०९ टनांच्या आसपास गेले, रचनेनुसार मर्यादा १०४ टनांची होती, जास्तीच्या भारामुळे वीजवाहक पट्टी आणि गाडीची वीज घेणारी पट्टी यांचा स्पर्श सुटला आणि वीज गेली. यांत्रिकदृष्ट्या हे समजण्यासारखे आहे. मोनोरेल दोन रुळांवर उभी नसते. काँक्रीटच्या एका तुळईला ती दोन्ही बाजूंनी कवटाळून, रबरी चाकांवर चालते आणि वीज तुळईच्या अंगाला लावलेल्या पट्टीतून घेते. भार वाढला, डबा दबला की ही जुळणी बिघडू शकते.

पण आकडे शेजारी शेजारी मांडून पाहा. चार डब्यांच्या या गाडीची प्रवासीसंख्या साधारण ५६० ते ५७० अशी सांगितली जाते. उतरवलेले प्रवासी ५८२. म्हणजे जादा माणसे फार तर वीस-बावीस. माणशी ६५ किलो धरले तर त्यांचे वजन दीड टनाच्याही आत राहते. पाच टन जास्त व्हायचे तर सत्तरहून अधिक माणसे जास्त हवीत. भिजलेले कपडे, पिशव्या, बॅगा हे सगळे धरूनही हा हिशेब सहज जुळत नाही. मला यातून एकच निष्कर्ष दिसतो. कागदावर ५६० माणसे धरताना त्यांचे जे वजन गृहीत धरले ते मुंबईच्या, पावसाळ्यातल्या, सामान घेतलेल्या, खऱ्या माणसाचे नव्हते किंवा मर्यादा आणि रोजची भरती यांच्यामध्ये जी मोकळी जागा ठेवायला हवी ती ठेवलेलीच नव्हती. दोन्ही बाबतीत दोष प्रवाशाकडे जात नाही.

स्पष्टीकरणाची भाषा मात्र तो तिकडेच नेते. ‘गर्दीमुळे’ हा शब्द मराठी बातमीत कारण म्हणून वापरला जातो. गर्दी झाली, म्हणून गाडी बंद पडली. वाक्याचा कर्ता प्रवासी होतो आणि गाडी बिचारी होते. सार्वजनिक वाहतूक ही गर्दीसाठीच उभारलेली असते, हे त्या वाक्यरचनेत विसरले जाते. पूर आल्यामुळे पूल वाहून गेला, असे म्हणताना निदान आपण विचारतो की पुराची पातळी धरली किती होती. गाडीबद्दल तेवढेही विचारत नाही.

लोकलशी तुलना केली की हा फरक स्पष्ट होतो. रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दच आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहण्याची ती अवस्था. ती माणसाला शोभणारी नाही, हे सांगायला नको. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. कसारा-आसनगावकडून रोज त्याच मार्गाने जाणाऱ्यांना त्या बातमीत नवल वाटले नाही, फक्त भीती वाटली. लोकलच्या गर्दीचे समर्थन मी करत नाही. पण लोकल ती गर्दी घेऊन चालते. तिच्या डब्याला, धुरीला, रुळाला तेवढा भार सोसण्याची सोय आहे. मोनोरेलला ती नव्हती. आणि शहराने तिला उभे केले लोकलच्याच शेजारी, लोकलमधून ओसंडणारी माणसे जिथे येणार तिथे.

हलकी म्हणजे काय

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘हलकी’ रेल्वे म्हणजे दुबळी रेल्वे, असे नाही. महाराष्ट्राला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वे होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती १८९७ मध्ये सुरू केली. अडीच फुटी रुळांची, कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी ही गाडी पुढे एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूर आणि मिरजेपर्यंत पोचली. कॅल्थ्रॉपचे सूत्र साधे होते: कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. इंजिन असो की वाघीण, भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा. रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी. पण गाडी लांब आणि कामाची. पंढरीच्या वारकऱ्यांची ने-आण या ‘हलक्या’ गाडीने वर्षानुवर्षे केली. तिचे शेवटचे अरुंद रूळ उखडले गेले ते एकविसाव्या शतकात, ब्रॉडगेज आल्यावर.

तिथे हलकेपणाचा अर्थ भाराची वाटणी असा होता. कमी माणसे न्यायची, असा नव्हता. शहरातल्या हलक्या रेल्वेलाही हेच लागू पडते. लहान गाडीची क्षमता तिच्या डब्यात नसते, तिच्या वारंवारतेत असते. आमच्या शेणव्याच्या नाक्यावर हे कोणीही सांगेल. शहापूरला जाणारी जीप एका खेपेला किती माणसे नेते, याला फार महत्त्व नाही. एकीच्या मागे दुसरी उभी असते, म्हणून माणूस पोचतो. दुसरी जीप नसली की पहिलीत सगळे कोंबले जातात.

मोनोरेलमध्ये नेमके हेच झाले. चेंबूर ते वडाळा डेपो हा पहिला टप्पा १ फेब्रुवारी २०१४ ला सुरू झाला. वडाळ्यापासून संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा दुसरा टप्पा सुरू व्हायला मार्च २०१९ उजाडला. मधली पाच वर्षे ही गाडी खत कारखाना, तेल कंपनी आणि मिठागरांच्या बाजूने जाऊन एका डेपोपाशी संपत होती. त्यातच ९ नोव्हेंबर २०१७ च्या पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकात दोन डबे जळाले आणि सेवा १ सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद राहिली. लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियातील स्कोमी या कंपन्यांच्या गटाशी असलेला करार त्याच वर्षाच्या अखेरीस संपवून एमएमआरडीएने काम हाती घेतले. पुढे सुटे भाग मिळणे अवघड होत गेले. मोजक्या गाड्या चालू, दोन गाड्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटांचे अंतर.

साधा गुणाकार करा. पंधरा मिनिटांनी एक गाडी म्हणजे तासाला चार, चार गुणिले साधारण ५६५ म्हणजे एका दिशेने तासाला २,२६० माणसे. केंद्र सरकारने लहान शहरांसाठी ‘मेट्रोलाइट’ आणि ‘मेट्रो निओ’ असे दोन स्वस्त प्रकार सुचवले आहेत. त्यांत मेट्रोलाइटची मर्यादा तासाला एका दिशेने १५,००० प्रवासी आणि रबरी चाकांच्या मेट्रो निओची ८,००० अशी धरली आहे. म्हणजे जवळपास वीस किलोमीटर उंचावर तुळया टाकून मुंबईने जे मिळवले, ते लहान शहराच्या ट्रॉलीबसलाही गाठता येण्यापेक्षा कितीतरी कमी होते. लहान गाडी आणि तीही क्वचित येणारी, हा हलक्या रेल्वेचा सर्वांत वाईट प्रकार. त्यात हलकेपणाचे तोटे सगळे आहेत, फायदा एकही नाही.

मोनोरेल म्हणजेच चूक, असेही नाही. चीनमधील चोंगछिंग शहरात याच जातीच्या, तुळईला कवटाळून चालणाऱ्या सहा-आठ डब्यांच्या गाड्या रोज लाखो माणसे नेतात. तिथला डोंगराळ भूभाग, गाडीची लांबी, गाड्यांमधले अंतर हे सगळे एकमेकांशी जुळवलेले आहे. आपल्याकडे यंत्र आणले, जुळवणी आणली नाही.

प्रवासी कमी होते म्हणून गाड्या वाढवल्या नाहीत, असा एक युक्तिवाद केला जातो. रोजचे प्रवासी पंधरा-वीस हजारांच्या घरात होते, हे खरे. पण स्थानके पाहा. दादर पूर्व नावाचे मोनो स्थानक दादर रेल्वे स्थानकाला लागून नाही. वीस मिनिटांनी येणाऱ्या गाडीसाठी एवढे चालत कोण जाईल? गाडी क्वचित म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून गाडी क्वचित. हे चक्र अकरा वर्षे फिरले आणि त्यातून निघालेला सरासरी आकडा पुढे ‘मागणी’ म्हणून मांडला गेला.

धरणाचे गणित

सरासरीवर शहर चालत नाही, हे मुंबईला चांगले माहीत आहे. आमच्या तालुक्यात बसून मी हे खात्रीने म्हणू शकतो, कारण तानसा आणि भातसा ही धरणे आमच्याकडे आहेत. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते. भातसा आज शहराच्या पाण्याचा जवळपास निम्मा भार उचलते. मुंबई महापालिका दरवर्षी १ ऑक्टोबरला सातही तलावांतला साठा मोजते. सगळे तलाव भरले तर तो साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या जवळ जातो. हा साठा पुढच्या जुलैपर्यंत पुरला पाहिजे, असा हिशेब असतो. पाऊस सरासरीइतका पडेल, असे कोणी धरत नाही. तो उशिरा आला तर काय, हे धरले जाते. कमी पडेल असे दिसले की आधीच पाणीकपात होते. शहराने पाणी मोजताना सर्वांत वाईट महिना धरला आहे आणि म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षे ते टिकले आहे. (त्याच धरणांच्या काठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे वेगळ्या लेखाचे दुःख आहे.)

मग माणसे मोजताना सरासरी का धरतात? पाण्याच्या बाबतीत दुष्काळाचे वर्ष हा निकष असेल, तर प्रवाशांच्या बाबतीत पुराची संध्याकाळ हा निकष हवा. मुंबईत लोकल पावसाने बंद पडते, ही अपवादात्मक घटना नाही. तो वार्षिक कार्यक्रम आहे. लोकलच्या शेजारी उभारलेल्या प्रत्येक मार्गिकेवर वर्षातून काही दिवस लोकलची माणसे येणारच. त्या दिवसांची गर्दी ही तिची खरी मागणी. उरलेल्या दिवसांचे आकडे म्हणजे ऑक्टोबरात धरण पाहून उन्हाळा ठरवण्यासारखे.

उतरता येणे

क्षमतेचा आणखी एक भाग आकड्यांत धरलाच जात नाही. गाडी थांबली तर माणूस उतरू शकतो का? मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. आजच्या भाषेत ती शहराची पहिली ‘हलकी रेल्वे’च. ती हळू होती, रस्ता अडवत होती, म्हणून गेली. पण ती बंद पडली तर प्रवासी खाली पाय ठेवून चालू लागत असे. लोकल बंद पडली तरी माणसे रुळांवरून चालत पुढचे स्थानक गाठतात. ते धोक्याचे आहे, पण शक्य आहे. मोनोरेलच्या तुळईला कडेने पायवाट नाही. गाडी थांबली की आतला माणूस शिडीची वाट पाहणारा कैदी होतो.

म्हणून माझ्या मते उंचावरच्या मार्गिकेची क्षमता ठरवताना दोन आकडे एकत्र छापले पाहिजेत: किती माणसे चढू शकतात आणि तेवढी माणसे किती वेळात सुखरूप खाली येऊ शकतात. दुसरा आकडा तीन तासांचा असेल, तर पहिला ५६० लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ठाण्याचे वर्तुळ

आता आमच्या दिशेने येऊ. ठाणे शहरातल्या वर्तुळाकार मार्गाची चर्चा अनेक वर्षे चालू होती. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी मध्यंतरी हलक्या रेल्वेचा प्रस्तावही पुढे आला. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ किलोमीटर लांबीच्या, २२ स्थानकांच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली. खर्च सुमारे १२,२०० कोटी रुपये, पूर्ण होण्याचे वर्ष २०२९. रोजचे प्रवासी २०२९ मध्ये ६.४७ लाख, २०३५ मध्ये ७.६१ लाख आणि २०४५ मध्ये ८.७२ लाख असतील, असे सरकारने म्हटले आहे. शिवाय वडाळा-कासारवडवली-गायमुख मार्गावर २२ सप्टेंबर २०२५ ला घोडबंदर रस्त्यावर चाचणी झाली. ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गिकेचे काम चालू आहे. तिकडे नाशिकच्या मेट्रो निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. ती अजून उभी राहिलेली नाही.

या आकड्यांकडे मोनोरेलचा अनुभव घेऊन पाहिले की प्रश्न आपोआप सुचतात. ६.४७ लाख ही दिवसाची संख्या आहे. त्यांतले सकाळी आठ ते नऊ या वेळात, सर्वांत भरलेल्या दोन स्थानकांदरम्यान, एका दिशेने किती? दिवसाची बेरीज कितीही मोठी असो, माणूस दबतो तो या एका तासात. दुसरे, ठाणे स्थानक आजच आपल्या गर्दीने फुटायला आले आहे. वर्तुळ तिथे माणसे आणून ओतणार. ठाणे आणि मुलुंड यांच्यामधले नवे उपनगरी स्थानक वेळेत तयार झाले नाही, तर नव्या मेट्रोची क्षमता जुन्या पुलाच्या जिन्यावर संपेल. तिसरे, फलाट किती डब्यांचा? घाटकोपर-वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ ला चार डब्यांनी सुरू झाली आणि अकरा वर्षांनी, घाटकोपरच्या जिन्यावर रांगा लागत असतानाही, चार डब्यांनीच धावते आहे. डबे वाढवण्याची चर्चा मात्र दर काही महिन्यांनी नव्याने होते.

आणि चौथे, जो प्रश्न फक्त आमच्या बाजूने विचारला जाऊ शकतो. कल्याणच्या पुढे काय? १ जानेवारी १८६१ ला रेल्वे कसाऱ्याला पोचली. आजही कल्याणच्या पुढे लोकल, मेल आणि मालगाडी दोनच रुळांवर आपापली पाळी धरतात. तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. मुरबाडची रेल्वे आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत. शहापूर-मुरबाडकडची घरे दरवर्षी वाढत आहेत, कारण ठाण्या-कल्याणात घर घेणे परवडत नाही. ही माणसे ठाण्याच्या वर्तुळात चढतील ती आसनगावहून उभ्याने येऊन. वर्तुळाच्या अहवालातल्या प्रवाशांत त्यांची मोजणी झाली असेलही. पण ती ज्या गाडीने तिथवर येणार तिच्यातली जागा त्या अहवालाचा विषयच नाही. बारा हजार कोटींच्या नळाला पाणी येणार ते जुन्याच, गळक्या पाइपातून.

मोनोरेलसाठी आता हैदराबादच्या मेधा कंपनीच्या दहा नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा घेतली आहे. दोन गाड्यांमधले अंतर पाच मिनिटांवर आणण्याचे उद्दिष्ट सांगितले जाते. ते साध्य झाले तर तासाची क्षमता तिप्पट होईल आणि हलक्या रेल्वेला जे पहिल्या दिवसापासून मिळायला हवे होते ते तिला अकरा वर्षे उलटून गेल्यावर मिळेल. तसे व्हावे, असे मला मनापासून वाटते. उभारलेल्या तुळया पाडून कोणाचेच भले होणार नाही. मात्र सेवा पुन्हा सुरू होईल तेव्हा प्रवाशांची सरासरी जाहीर करून कोणी समाधान मानू नये. गाडीत वजन मोजणारी यंत्रणा आहे का, भार मर्यादेजवळ गेल्यावर गाडी स्थानकातच थांबवली जाते का, स्थानकांच्या मध्ये थांबलीच तर माणसे किती मिनिटांत खाली येतात, हे आधी सांगावे. ठाण्याच्या वर्तुळाबद्दल हेच आज विचारायला हवे, कारण २०२९ ला अजून काही पावसाळे आहेत. खांब उभे राहिल्यावर फलाटाची लांबी वाढत नाही.